कोटिंगच्या आधी टॉर्च मारून बघा

गाडी घरी आली त्या रात्री सगळे झोपल्यावर मी टॉर्च घेऊन खाली गेलो. कोरी करकरीत काळी गाडी, मीटरवर ४१ किलोमीटर, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि बॉनेटवर टॉर्च मारला तर प्रकाशाच्या गोळ्याभोवती नुसतं कोळ्याचं जाळं. बारीक बारीक रेघा, शेकडो. दारावर तेच, डिकीवर तेच. दुपारी डिलिव्हरी घेताना सावलीत गाडी अशी लख्ख दिसत होती की कुणालाही शंका आली नसती, मलाही आली नाही, पण मागच्या गाडीच्या वेळी एकदा हात पोळले होते म्हणून यावेळी बघायचंच असं ठरवलं होतं.

ह्या रेघांना स्वर्ल मार्क म्हणतात. त्या गोल दिसतात पण खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना आडव्यातिडव्या मारलेल्या असतात, फक्त प्रकाशाला आडव्या येणाऱ्या रेघाच चमकतात म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. टॉर्च हलवा, वर्तुळ पण सोबत सरकतं. आणि ह्या येतात कुठून तर फडक्यातून. कारखान्यातून निघालेली गाडी यार्डात उभी राहते, ट्रेलरवर चढते, परत यार्डात उन्हापावसात पडून राहते, अंगावर धुळीचा थर, आणि डिलिव्हरीच्या सकाळी कुणीतरी एक बादली आणि एकच फडकं घेऊन ती घाईघाईत पुसून काढतो. त्या माणसावर माझा राग नाही, त्याला दिवसात अशा कितीतरी गाड्या चमकवायच्या असतात आणि त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पण धुळीतले वाळूचे कण त्या फडक्यात अडकतात आणि तेच कण तुमच्या नव्या पेंटवरून फिरतात. म्हणून कुणी गाडी बुक केली असेल तर डिलिव्हरीच्या आधी शोरूमला लेखी कळवा की गाडी धुऊ नका, पुसू नका, पॉलिश तर अजिबात नको, धुळीसकट द्या. मी तोंडी सांगितलं होतं, तेवढं पुरलं नाही.

आता मागच्या गाडीचं सांगतो म्हणजे हे सगळं का लिहितोय ते कळेल. ती पांढरी होती. घेतानाच एका ठिकाणी सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे पेंटवर चढवायच्या पातळ संरक्षक थराचं, पॅकेज गळ्यात मारलं, मीही खुशीत होतो, हो म्हटलं. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली. चकाचक. पाणी टाकलं की मोत्यासारखे थेंब घरंगळायचे, मी व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवले. तीन महिन्यांनी थेंब संपले, आणि वर्षभराने एका मित्राने, तो स्वतः हे काम करतो, दाराजवळ लाईट धरून दाखवलं की कोटिंगच्या खाली स्वर्ल जसेच्या तसे आहेत आणि एका बाजूला मशीन चुकीचं फिरवल्याचे ढगासारखे डाग पण आहेत. म्हणजे आधी काही नीट साफच केलं नव्हतं. जे होतं त्याच्यावर थर चढवून मोकळे. पांढऱ्या रंगावर ते दिसत नाही म्हणून मला वर्षभर कळलं नाही.

कोटिंग पारदर्शक असतं हो. त्याच्या खाली जे असेल ते तसंच्या तसं दिसत राहणार आणि वर पक्का थर बसल्यामुळे ते काढायचं तर आधी कोटिंग घासून काढावं लागणार. त्यामुळे माझ्या मते कोटिंगचा खरा पैसा कोटिंगच्या बाटलीत नाहीच, तो त्याच्या आधीच्या दीड-दोन दिवसांच्या कामात आहे, आणि नंतर तुम्ही गाडी कशी धुता त्यात आहे. बाटली ही नुसती मधली पायरी.

थोडे आकडे देतो, हे माहीत असलं की दुकानदाराची अर्धी बडबड आपोआप गळून पडते. पत्र्यावर आधी गंज न लागण्यासाठी ई-कोट, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अख्खा पेंट फार तर दोन केसांएवढा जाड, आणि त्यातला क्लिअर कोट, ज्याच्यात ही सगळी चमक आहे, तो ४०-५० मायक्रॉनच. आणि सिरॅमिक कोटिंगचा थर? एक-दोन मायक्रॉन. त्यात मुख्यतः सिलिका असते, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, काचेत असते तीच, पण द्रवरूपात पॉलिमरसोबत, ते सुकताना क्लिअर कोटला घट्ट धरून कडक होतं. म्हणून वॅक्स काही आठवड्यांत उतरतं आणि चांगलं कोटिंग दोन-तीन वर्षं टिकतं. पण एक-दोन मायक्रॉनच्या थराने उडालेला खडा अडेल, किल्लीचा ओरखडा येणार नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

आणि ते ९एच. प्रत्येक बोर्डावर ९एच लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं खनिजांच्या कडकपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० म्हणजे हे ९. तसं नाहीये ते. ही पेन्सिलची मोजपट्टी आहे, चित्रकलेच्या पेन्सिली असतात ना, बी, एचबी, २एच, त्यातलीच अगदी कडक पेन्सिल ९एच. ती ४५ अंशात धरून दाबून सरकवायची आणि ओरखडा पडला नाही तर ९एच पास. पेन्सिलीने चरा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक असते.

यावेळी मी तीन ठिकाणी गेलो आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला, कोटिंग लावायच्या आधी काय काय करणार? एकाने सरळ कॅटलॉग उघडून किती वर्षांची वॉरंटी ते सांगायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला, "नवीन गाडी आहे सर, पॉलिशची गरजच नाही, धुऊन डायरेक्ट मारू." तिसऱ्या मुलाने काही न बोलता हातातला लाईट पेटवला, बॉनेटवर धरला आणि म्हणाला, "आधी हे काढावं लागेल. दोन दिवस गाडी ठेवा." तिथेच दिली.

त्याने गाडी धुण्याच्याही आधी पेंटची जाडी मोजली. छोटं यंत्र असतं, पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं (बंपर प्लास्टिकचा, त्यावर ते चालत नाही). बॉनेट ११८, ११५, १२१. छत ११०. डावी दारं ११२, ११६. मी शेजारी उभा राहून वहीत लिहून घेत होतो. मागचं उजवं दार, २३४. त्याने परत टेकवलं, २२८. जरा खाली, २४१. माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, हे दार परत रंगवलंय."

४१ किलोमीटर चाललेली गाडी. मी काही वेळ बोललोच नाही. मग प्रत्येक रीडिंगचा फोटो काढला, शोरूमला मेल केला, आणि आठवडाभर फोनाफोनी झाल्यावर त्यांनी लेखी मान्य केलं की यार्डात गाडी हलवताना दाराला घासलं होतं म्हणून तिथेच रंगवलं. सांगितलं का नाही ह्याचं उत्तर मिळालं नाही, त्या दाराच्या पेंटची वाढीव वॉरंटी मात्र लिहून घेतली. हे यंत्र लावलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं, रंग इतका हुबेहूब जुळलाय.

आणि हे कोटिंगसाठी पण महत्त्वाचं निघालं. कारखान्यात पेंट भट्टीतून साधारण १४० अंशांवर भाजून निघतो, तो पहिल्या दिवसापासून पक्का असतो, नव्या गाडीला लगेच कोटिंग करायला काहीच हरकत नाही. पण पुन्हा रंगवताना एवढं तापवता येत नाही, कारण आत वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं बसलेलं असतं. मग कमी तापमानाला सुकवतात आणि त्यातलं सॉल्व्हंट पुढे कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहतं. त्याच्यावर लगेच कोटिंग मारलं तर ते आतच कोंडलं जातं. त्या मुलाने सांगितलं की हे दार आत्ता नको, महिना दीड महिना जाऊ दे, मी नंतर वेगळं करून देईन. दुसऱ्या कुणी सरसकट मारून गाडी हातात दिली असती.

मग काम सुरू झालं आणि मी सुट्टी काढून दोन्ही दिवस तिथे बसलो. मला बघायचंच होतं.

आधी फोमने सगळी गाडी पांढरी केली, हात न लावता. पाच मिनिटं तो फेस खाली ओघळत राहिला आणि धूळ घेऊन गेला. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) आधी साध्या पाण्यात खळबळायचं मग शाम्पूत बुडवायचं, वरून खाली यायचं, चाकांसाठी वेगळं मिट. ते झाल्यावर एक फवारा मारला आणि दोन मिनिटांत काळ्या दारांवरून जांभळे ओघळ यायला लागले, सडक्या अंड्यासारखा वास. आयर्न रिमूव्हर. पेंटमध्ये रुतून बसलेले लोखंडाचे बारीक कण त्यात विरघळतात आणि तो जांभळा रंग म्हणजे त्याचीच खूण. नव्या गाडीवर लोखंड कुठून आलं असं मला वाटलं, तर ब्रेकची धूळ, वाहतुकीतले रूळांजवळचे कण, यार्डाच्या आसपासचं ग्राइंडिंग, कुठूनही येतं, आणि तसंच राहिलं तर तिथे पुढे नारिंगी ठिपके दिसायला लागतात.

त्यानंतर त्याने मला एक पातळ प्लास्टिकची पिशवी दिली, म्हणाला हातात घाला आणि छतावरून फिरवा. हे घरी नक्की करून बघा, फक्त गाडी आधी नीट धुतलेली हवी. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून चक्क बारीक पॉलिश पेपरसारखं लागलं. मग क्ले. मळलेल्या कणकेसारखा गोळा, भरपूर ल्युब्रिकंट मारून हलक्या हाताने सरकवायचा, सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो, हाताला जाणवतं की काहीतरी अडतंय, आणि सातआठ वेळा फिरवल्यावर आवाज बंद, हात सुळ्ळकन जातो. तेवढा भाग झाला. गोळा उलटून बघितला तर पिवळा गोळा राखाडी झालेला. दर थोड्या वेळाने तो घडी घालून स्वच्छ बाजू वर घेत होता, आणि एकदा एक तुकडा त्याच्या हातून जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात टाकला, पुसूनबिसून परत वापरला नाही. मला त्या एका गोष्टीनेच माणूस कळला.

पॉलिशिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. बॉनेटवर दोन फूट बाय दोन फूट टेप लावून आधी सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशने बघितलं, काही रेघा राहिल्या, मग एक पायरी वर. उगाच पहिल्यापासून जहाल काही वापरायचं नाही कारण पॉलिश म्हणजे शेवटी क्लिअर कोट खरवडणंच आहे, दोन-तीन मायक्रॉन जातातच आणि गेलेले परत येत नाहीत. मशीन ड्युअल ॲक्शनचं, ते गोल फिरता फिरता हेलकावत पण असतं म्हणून एका जागी जास्त तापत नाही. पॉलिश झाल्यावर काळा रंग इतका खोल दिसायला लागला की मी म्हटलं झालं की, आता लावा कोटिंग. तो म्हणाला थांबा, हे अजून खरं नाही. पॉलिशमधलं तेल बारीक रेघांत भरून बसतं आणि त्या झाकतं. अल्कोहोलवालं पॅनल वाइप मारून ते तेल पुसलं की खरं काय ते दिसतं. पुसलं, तर डिकीवर दोन ठिकाणी रेघा परत वर आल्या. परत मशीन. परत पुसणं. हे तेल न पुसता कोटिंग मारलं तर ते पेंटला धरतच नाही, तेलावर बसतं आणि काही महिन्यांत उतरतं. माझ्या पांढऱ्या गाडीचे थेंब तीन महिन्यांत का संपले ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

प्रत्यक्ष कोटिंग लावणं बघायला गेलं तर साधं वाटतं. सुएडचं छोटं कापड एका ठोकळ्याला गुंडाळलं, त्यावर सातआठ थेंब, दोन फुटाचा चौकोन आधी आडवा मग उभा. लावल्यावर काही सेकंदांत तिथे इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात, जसं रस्त्यावरच्या पाण्यात तेल पडल्यावर दिसतात तसे, आणि ते रंग जरा मावळायला लागले की मायक्रोफायबरने पुसून सपाट करायचं. लवकर पुसलं तर कोटिंग निघून येतं, उशीर झाला तर जिथे जास्त राहिलं तिथे काळपट डाग घट्ट होतो, त्याला हाय स्पॉट म्हणतात. हवेत गरमी असेल तर हा वेळ कमी होतो, दमट असेल तर वेगळंच वागतं, म्हणून तो प्रत्येक पॅनलला खाली वाकून तिरपा लाईट धरून बघत होता. एवढी मोठी गाडी, पण बाटली जेमतेम ५० मिलीची, आणि तीही पूर्ण संपली नाही. घरी आणल्यावर मला मागच्या काचेशेजारी बोटाएवढा एक हाय स्पॉट सापडला, फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी त्याने तेवढाच भाग पॉलिश करून परत लावून दिला. काहीही वाद नाही.

समोरचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि दाराच्या हँडलमागच्या वाट्या एवढ्याला मी पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, लावून घेतलं. ती खरी फिल्म असते, पॉलियुरेथेनची, १५०-२०० मायक्रॉन जाड, म्हणजे पेंटपेक्षाही जाड. खड्याने उडणारा टवका अडवायचा तर हीच लागते, कोटिंगचं ते काम नाही. बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने तिच्यात आपोआप भरून येतात हे मी स्वतः बघितलंय. सगळ्या गाडीला लावायची गरज मला वाटली नाही. तुमचं हायवेवर रोजचं जाणंयेणं असेल तर पुढचा भाग तरी कराच.

कोटिंग झाल्यावर पहिले २४ तास पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको असं सांगितलं होतं, ते तंतोतंत पाळलं.

आता पक्ष्यांची विष्ठा. ह्यावर कोटिंगवाल्यांचं बोलणं ऐकून लोक निर्धास्त होतात. त्यात युरिक ॲसिड असतं, आणि उन्हात तापलेल्या गाडीवर क्लिअर कोट मऊ पडून जरा फुगलेला असतो, संध्याकाळी गार होताना तो त्या वाळलेल्या थराभोवती आवळतो आणि ठसा कायमचा बसतो. कोटिंग आपल्याला थोडा जास्त वेळ देतं, अभय देत नाही. परवा दुपारी ऑफिसच्या बाहेर छतावर पडलं होतं, मी टिश्यू पाण्याने चिंब करून त्यावर पाचएक मिनिटं ठेवला आणि मग न घासता उचलून घेतला. खाली काही नाही. एक छोटी स्प्रेची बाटली आणि दोन मायक्रोफायबर डिकीत कायम ठेवा, ह्यापेक्षा स्वस्त संरक्षण नाही.

पाण्याच्या डागांचंही तसंच. थेंब गोल बनतात, सुंदर दिसतात, पण पाणी क्षारांचं असेल तर तो थेंब जागीच वाळून कॅल्शियम-मॅग्नेशियमची पांढरी कडी सोडून जातो, आणि काळ्या रंगावर ती लांबून दिसते. म्हणजे कोटिंग केलं म्हणून गाडी धुऊन उन्हात सोडून द्यायची नाही, उलट पुसायची जास्त गरज. हलके डाग आले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन सावलीत, पत्रा गार असताना, दोन मिनिटं कापड टेकवून ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

घरात मला सगळ्यात अवघड गेलं ते बाबांना सांगणं. बाबांनी आयुष्यभर गाडीवर जीव लावलाय, सकाळी उठले की आधी कोरडं फडकं घेऊन गाडी पुसणार, मग बाकीचं. गाडी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी, कोटिंगच्या आधीच, मी खाली आलो तर ते बॉनेटवर गोल गोल फडकं फिरवत होते, प्रेमाने. मी म्हटलं, "बाबा, कोरडं फडकं नका ना लावू." ते म्हणाले, "अरे, धूळ बसलीये, खराब होईल रंग." त्यांना कसं सांगणार की धूळ बसून काही होत नाही, कोरडी पुसल्याने होतं. मग मी त्यांना टॉर्च आणून दिला, काही बोललो नाही, फक्त बॉनेटवर धरायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "जुन्या गाडीला पण मीच केलं असेल का रे हे?" मला फार वाईट वाटलं, मी म्हटलं नाही बाबा, ते शोरूमनेच केलं होतं. आता फोमचा पंप त्यांच्या ताब्यात आहे. शनिवारी सकाळी ऊन यायच्या आत ते फोम मारतात, मी दोन बादल्या घेऊन धुतो, आणि पुसताना मोठा जाड टॉवेल पसरून नुसता ओढायचा, घासायचा नाही, हे आता ते मला सांगतात. ते टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकायचं नाही, त्याने मायक्रोफायबरचे तंतू चिकटतात आणि पाणी ओढत नाहीत, हे त्यांनीच बाटलीवर वाचून काढलं.

उजव्या दाराला आता सहा आठवडे होतील. धुताना दर वेळी फरक कळतो, बाकी गाडीवरून पाणी पळून जातं आणि त्या एका दारावर चादरीसारखं चिकटून राहतं, टॉवेल तिथे दोनदा लागतो. पुढच्या शनिवारची वेळ घेतलीये. आधी जाडी परत मोजायची, मग क्ले, पॉलिश, वाइप, सगळं पहिल्यापासून, एका दाराला अर्धा दिवस म्हणालाय. बाबाही येणार आहेत, त्यांना ते जांभळे ओघळ बघायचेत.